दक्षिणा नको, पोच पाहिजे

परवा मुकुटबनच्या बाजारात एका सुखवस्तू गृहस्थाने आम्हास गाठले व विचारले, "काय गुरुजी, आता तरी तुमच्या बहुजनसमाजाचे समाधान झाले की नाही? धान्य फुकट, बहिणींना महिन्याचे दीड हजार, पोरांना शाळेत खिचडी, दारात नळ. सरकारने आणखी द्यायचे तरी काय?" उभ्या उभ्या उत्तर देण्यास वेळ नव्हता, आणि गृहस्थांस ऐकून घेण्याची फारशी हौसही दिसली नाही. सबब ते उत्तर आम्ही येथे देत आहो.

प्रथम एक जुनी गोष्ट. पेशवाईत पुण्यास दर श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. ही चाल मूळ दाभाडे सेनापतींनी तळेगावी पाडलेली. पुढे पेशव्यांनी ती पुण्यास आणली. खजिना रयतेच्या साऱ्याने भरलेला, देणारा हात श्रीमंतांचा, आणि घेणारी एकच जात. इंग्रज आले, त्यांनीही ही बाब एकदम बुडविली नाही. वर्षाला 50 हजारांवर आणून ती चालू ठेवली. 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा उंबरठा कुणब्याच्या पोराने ओलांडला नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले: सारा भरतो शेतकरी आणि विद्या मिळते वरच्यांना, निदान 12 वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा.

ही पुण्याची कथा झरी-जामणीच्या मुलुखात कशाला, असे कोणी म्हणेल. याचसाठी की, दक्षिणेचा गुण कोणता ते वाचकांनी ध्यानात घ्यावे. दक्षिणा देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ती देताना देणाऱ्याचे नाव गाजते. आणि ती न मिळाली तर दाद मागण्यास जागा नसते. आज घेणारे बदलले, हे खरे, आणि ते चांगलेच झाले. पण देण्याची रीत बदलली काय?

2022 सालच्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर व तेल देणारा 'आनंदाचा शिधा' निघाला. सण आला की मिळे, पुढे मिळेनासा झाला. गेला कोठे, हे विचारण्याचा हक्क कोणास नव्हता. 2024 च्या जुलैपासून लाडक्या बहिणींचे दीड हजार सुरू झाले. आम्ही त्या पैशाच्या विरुद्ध नाही. ज्या बाईच्या नावे जन्मात कधी पैसा आला नव्हता तिच्या हाती तो आला म्हणजे घरात तिच्या शब्दाला काय वजन येते, हे आम्ही पोडावर डोळ्यांनी पाहिले आहे. पण नोव्हेंबर 2024 ची निवडणूक होईपर्यंत कोणी कोणास फारसे काही विचारले नाही, आणि निवडणूक उरकल्यावर पडताळणीची चाळणी लागली. भावाने घातलेली ओवाळणी भाऊच परत मोजू लागला! नागरिकास बहीण म्हटले की तिला हक्क मागता येत नाही, लाड मागता येतो. नाव ठेवणारा हुशार खरा.

आमच्या जिल्ह्याचे दुःख याहून जुने आहे. 19 मार्च 1986 रोजी चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायकोलेकरांसह जीव दिला. त्यानंतर किती गेले ते सरकारी फडताळात मोजून ठेवलेले आहे. 2006 साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्याच सुमारास आत्महत्या केलेल्याच्या घराला एक लाख रुपये देण्याचा नियम झाला: 30 हजार रोख, 70 हजार ठेवीत. पण आधी कमिटी बसते आणि नापिकी होती काय, कर्ज थकले होते काय, वसुलीचा तगादा होता काय, हे पाहून प्रकरण 'पात्र' वा 'अपात्र' ठरविते. म्हणजे आमच्या कापूसवाल्याच्या मरणाचाही पेपर तपासला जातो व पुष्कळदा नापास होतो. जिवंतपणी ज्याला हमी नव्हती त्याला मेल्यावर गुण देण्याची ही परीक्षा आम्हा शाळामास्तरांसही सुचली नसती.

मग सरकारने हमी कशाची द्यावी? आमची यादी लांब नाही. पिण्याजोगे पाणी, पोटाला धान्य, चालत जाण्याच्या अंतरावर शाळा, आजारात डॉक्टर, आणि हातपाय धड असणाऱ्यास काम. यांत नवे काही नाही; घटनेच्या चौथ्या भागात यांतले बहुतेक सारे आलेले आहे. पण त्याच भागातील 37 वे कलम सांगते की ही तत्त्वे कोणत्याही कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत. प्रा. के. टी. शहा यांनी घटनासमितीत याची तुलना बँकेच्या सवडीने वटणाऱ्या चेकशी केली होती. 45 व्या कलमात मुलांच्या शिक्षणाला 10 वर्षांची मुदत होती. ती 1960 साली सरली, आणि शिक्षणाचा कायदा प्रत्यक्ष लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. मुदत पन्नास वर्षे चुकली, दंड कोणास झाला? कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचे शिक्षण केले तेव्हा पोर शाळेत न पाठविणाऱ्या बापास महिना एक रुपया दंड ठेवला होता. बापाला दंड झाला तो योग्यच. पण शाळा न काढणाऱ्या सरकारास दंड कोण करणार?

याचे उत्तर याच महाराष्ट्राने एकदा दिले होते, व ते विसरले जाऊ नये. वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात विसापूरला एक प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला. 1977 साली कायदा झाला व 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. रोजगार हमी! काम मागणाऱ्यास 15 दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. त्यासाठी पगारदारांवर 1975 साली व्यवसायकर बसला. आमच्या पगारातून आजही महिना 200 रुपये कापले जातात, आणि कापल्याचे आम्हास वाईट वाटत नाही. पुढे 2005 साली दिल्लीने हाच धडा गिरवून देशासाठी कायदा केला. पहिल्या टप्प्यात यवतमाळ जिल्हा त्यात होता. त्या कायद्याचा प्राण कशात होता? मागणीच्या अर्जात, आणि त्याच्या तारखेच्या पोचेत. पोच हाती असली की 16 व्या दिवशी सरकार देणेकरी ठरे.

म्हणूनच पोच मिळत नसे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा केला. दिवस 100 चे 125 झाले, याचे ढोल वाजले. पण खर्चाचा 40 टक्के भार राज्यावर आला, हंगामात 60 दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची मुभा मिळाली, आणि केंद्राची रक्कम आधी नेमून देण्याचे ठरले. मागेल त्याला काम होते, तेथे नेमले तेवढे काम आले. नाव गॅरंटीचे ठेवून रीत दक्षिणेची आणली, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

आता पोचेची महती वाचकांस एका प्रसंगावरून सांगतो. जवळच्या एका पोडावरची कोलामाची म्हातारी आमच्याकडे आली. जन्मभर कापूस वेचून, निंदण करून बोटांच्या रेघा झिजलेल्या. धान्याच्या दुकानातले यंत्र अंगठा घेईना. ती म्हणाली, "गुरुजी, मांगच्या महिन्यात आणला थोच अंगठा म्या आणला. मशीनले ओळख पटत नाही, तं माहा काय गुन्हा?" आम्ही अर्ज लिहिला व तिच्याबरोबर एका कचेरीत गेलो. कारकुनाने अर्ज घेतला. आम्ही पोच मागितली. तो म्हणाला, "पोच कशाला? भरवसा नाही काय आमच्यावर?" म्हातारी आम्हालाच म्हणाली, "जाऊ द्या गुरुजी, मोठा मानूस हाये." 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात धान्य न मिळाल्यास भत्ता लिहिलेला आहे, कसूर करणाऱ्या नोकरास 5,000 रुपयांपर्यंत दंडही लिहिलेला आहे. पण धान्य मागितले व मिळाले नाही, हे ती म्हातारी सिद्ध कशावर करणार? त्या दिवशी आम्ही दोन तास बसून राहिलो, तेव्हा शिक्का मिळाला. ज्याच्याजवळ बसायला दोन तास आणि मास्तर नाही त्याने काय करावे?

त्याहून मौज अशी की, 2015 साली याच राज्याने लोकसेवा हक्काचा कायदा केला. त्यात अर्जाची पोच आहे, मुदत आहे, अपील आहे, आणि उशीर करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपये दंड आहे. कशासाठी? मुख्यतः दाखल्यांसाठी! गरीब असल्याचा कागद वेळेत मिळण्याची हमी आहे. त्या गरिबाच्या घागरीत पाणी पडण्याची नाही.

पाण्याचे तर बोलूच नये, पण बोलणे भाग आहे. पांढरकवड्याच्या भागातील भूजलात फ्लोराईड आहे, हे शास्त्रज्ञांनी तपासून छापले आहे. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर ते गेले की आधी पोरांच्या दातांवर डाग पडतात, मग वर्षांनुवर्षे पिणाऱ्याची हाडे धरतात. आम्ही वर्गात पोरास 'हस' म्हणतो आणि ते तोंडावर हात धरते. 2019 साली घरोघर नळाची योजना आली, माणशी रोज 55 लिटर. 2024 ची मुदत गेली, 2028 झाली. आमच्या जमिनीखाली कोळसा आहे, चुनखडी आहे. मुकुटबनला सिमेंट होते. खाणीच्या पैशातून जिल्ह्याचा निधी काढावा आणि त्याचा मोठा हिस्सा पिण्याच्या पाण्यासारख्या कामांवर लावावा, हा नियम 2015 पासून आहे. कारखाना आणि सरकार यांचे बोलणे करारावर होते, त्यात मुदत व भरपाई असते. पोडाशीच सरकार तोंडी का बोलते?

आणि शाळा. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असा नियम असताना, सप्टेंबर 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे पत्रक निघाले. पोडावर 11 पोरे असतात, कारण पोडच तेवढे असते! गाडी देऊ, म्हणतात. ज्या दिवशी गाडी आली नाही त्या दिवसाची पोच कोण देईल? सहा वर्षांची पोरगी नाल्याच्या अलीकडे उभी राहील, आणि चार दिवसांनी बकऱ्यांमागे जाईल.

आम्ही हे दुसऱ्या कोणावर ढकलीत नाही. आज गादीवर बसलेल्यांत पुष्कळ आमच्याच बहुजनसमाजातले आहेत, फुल्यांच्या तसबिरीला हार घालणारे आहेत. भटशाही म्हणून जिच्यावर आमच्या वडिलांनी कोरडे ओढले ती शेंडीत नव्हती, ती या देण्याच्या रीतीत होती. आणि ती रीत यांनी उचलली. आम्हीही कमी नाही. साहेबांनी गटाराला पैसे दिले म्हणून त्यांच्या अभिनंदनाचा फलक आम्हीच वर्गणी काढून लावतो.

येत्या ग्रामसभेत आम्ही एक ठराव मांडणार आहो: पाणी, धान्य, शाळा, दवाखाना व काम या पाच बाबींचा प्रत्येक तोंडी वा लेखी अर्ज ग्रामपंचायतीने वहीत नोंदवावा, त्याच दिवशी तारखेची पोच द्यावी, ती वही प्रत्येक सभेत मोठ्याने वाचावी, आणि या पाच बाबी दंडासह लोकसेवा हक्काच्या कायद्यात घालाव्यात म्हणून ठराव सरकारास धाडावा. सूचक म्हणून अंगठा त्या म्हातारीचा राहील. तो यंत्राला नाही तरी आम्हास ओळखता येतो. अनुमोदनास बाजारातल्या त्या गृहस्थांनी यावे. फेरफाराचा त्यांचा अर्ज सात महिने कचेरीत पडून आहे व तो दिल्याचा कागद त्यांच्याजवळ नाही, असे जाता जाता तेच आम्हास सांगत होते.