बोक्याचं दुखणं
फोटो पाहून मांजराचं मन सांगणारे आता फोनवर भेटतात. पण हिरकणीवाडीतला एखादा बोका पुन्हापुन्हा राखेत लघवीला बसून जोर करत असेल आणि थेंबही येत नसेल, तर त्याला तातडीने महाडला पशुवैद्याकडेच न्यायला हवं. मूत्रमार्ग तुंबला की दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. फोनवरच्या सांगण्याने घरच्यांना दिलासा मिळतो, असं म्हणतात. मिळतही असेल, पण त्यातच वेळ जातो. सांगणारे खोटारडे नसतीलही; बारीक इशारे नकळतही टिपले जातात. बर्लिनचा ‘गणिती’ घोडा हान्स गणित न करता विचारणाऱ्याच्या मानेच्या बारीक हालचाली टिपत होता, हे ऑस्कर फुंग्स्टने १९०७ मध्ये दाखवलं. पण त्यासाठी माणूस त्याच्यासमोर असावा लागे; फोटोत ते होत नाही. समोर बसून माणसाने डोळे सावकाश मिचकावले की मांजर जवळ यायला अधिक राजी होतं, हे २०२० च्या ब्रिटिश प्रयोगात दिसलं. असा संवाद घरच्यांनी रोज करावा, म्हणजे राखेतली अडचणही लवकर दिसेल.