तुरळक ठिकाणी

फाल्गुन सरत आला की आमच्या कळमनुरीत दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. दुपारचं ऊन टोचायला लागतं आणि शिवारातून शिजलेल्या हळदीचा वास यायला लागतो. सकाळी फिरायला निघालं की रस्त्याच्या कडेला, आखाड्यावर, जागा मिळेल तिथे हळद वाळत पडलेली दिसते. हिंगोली जिल्ह्याचं खरं सोनं ते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

आणि याच दिवसांत पेपरात एक ओळ छापून येते. 'मराठवाड्यात तापमान वाढणार, तुरळक पावसाची शक्यता.'

या ओळीशी माझं एक जुनं भांडण आहे. खरं सांगायचं तर भांडण माझं माझ्याशीच आहे.

काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाची हळद वाळत होती. शिजवल्यावर दहा-पंधरा दिवस तिला चांगलं ऊन लागतं. एका सकाळी त्याचा फोन आला, "दादा, पेपरात काय म्हणते? झाकून ठेवू का?" मी चष्मा लावून वाचलं आणि सांगितलं, "अरे, तुरळक म्हणजे थोडासाच. चार थेंब पडतील. कशाला मजूर लावतोस?" जन्मभर मराठी शिकवलेला माणूस मी. शब्दाचा अर्थ मी नाही सांगायचा तर कोणी?

त्या संध्याकाळी त्याच्या वावरात अर्धा तास धो धो पाऊस पडला. दोन कोसांवरचं शिवार मात्र कोरडं ठणठणीत. हळद भिजली, रंग गेला आणि बाजारात भाव पडला. भाऊ एवढंच म्हणाला, "तुम्ही तर तुरळक म्हणले होते." तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

नंतर नातीनं इंटरनेटवर शोधून दिलं तेव्हा चूक कळली. हवामान खात्याचा मूळ शब्दप्रयोग 'तुरळक ठिकाणी पाऊस' असा असतो. म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. त्यापेक्षा जास्त, निम्म्यापर्यंत असेल तर 'काही ठिकाणी'. आता व्याकरण बघा. 'तुरळक' हे विशेषण ठिकाणाचं आहे, पावसाचं नाही! पाऊस किती जोराचा पडेल, हे त्यात सांगितलेलंच नाही. पेपरात जागा वाचवायला 'ठिकाणी' शब्द गाळला जातो, विशेषण पावसाला जाऊन चिकटतं आणि मुसळधार पाऊसही वाचणाऱ्याला रिमझिम वाटतो. सातवीतल्या पोराच्या वहीत मी ही चूक लाल शाईनं दाखवली असती.

या दिवसांतला पाऊस असतोच तसा. दिवसभर जमीन तापते, समुद्रावरून आलेलं बाष्प वर चढतं, दुपारनंतर ढग उभे राहतात आणि संध्याकाळी एखाद्या पट्ट्यावर कोसळतात. नेमकं कोणत्या गावावर, हे दोन दिवस आधी सांगणं शास्त्राला अजून जमत नाही. ते मी समजू शकतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्यातलं कोणी विसरलेलं नाही. आता तर उन्हाळाही लवकर येऊ लागलाय. २०२५ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनचा देशातला सर्वात उष्ण फेब्रुवारी ठरला.

म्हणून माझं मत असं, की हवामान खातं खोटं बोलतं म्हणून पारावर हसणं आता सोडून द्यावं. ते बोलतं काय, हे आधी नीट वाचायला शिकावं. पेपरवाल्यांनी तो एक शब्द गाळू नये आणि शेजारी एका ओळीत अर्थही द्यावा. मास्तरांनी भूगोलाच्या तासाला अंदाजाची एक बातमी फळ्यावर लिहून मुलांकडून तिचा अर्थ सांगून घ्यावा. शेतकऱ्याच्या घरातलं पोरच संध्याकाळी बापाला सांगेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, पुढच्या तीन तासांचे इशारे मोबाईलवर येतात, विजेसाठी 'दामिनी' ॲप आहे. साधनं आहेत. पण शब्द कळला नाही तर साधनाचा उपयोग काय?

काही जण म्हणतील, चारातल्या एका गावात पाऊस पडणार असेल तर रोज रोज कोण झाकत बसणार? हिशेब सोपा आहे. ताडपत्री अंथरायला दोन माणसांचा तासभर जातो. हळद भिजली तर वर्ष जातं. पंचवीस टक्के हे जिल्ह्यासाठी. ज्याच्या वावरात पडला, त्याच्यासाठी शंभर टक्केच.

परवा भावाचा फोन आला. "दादा, तुरळक आहे म्हणते."

मी विचारलं, "पाऊस तुरळक का ठिकाणं?"

तो हसला. म्हणाला, "झाकलीये मी कवाच."

असो. तुमच्याकडे काय हवा आहे, जरूर कळवा.