प्रतिमांचा भार कोणी वाहावा?

बँकेच्या नोकरभरतीचा अर्ज भरणाऱ्या उमेदवाराला आपले छायाचित्र २० ते ५० केबी आणि आपली स्वाक्षरी १० ते २० केबी एवढ्या मर्यादेत बसवून द्यावी लागते, आणि ती मर्यादा किंचितही ओलांडली गेली तर अर्जाचे पान पुढे सरकत नाही, ही गोष्ट आज तालुक्याच्या गावातील प्रत्येक सुशिक्षित तरुणाच्या अनुभवाची आहे. त्यासाठी त्याला पुष्कळदा सायबर कॅफेची पायरी चढावी लागते आणि 'फोटो केबीत बसवून' घेण्याचे पैसे मोजावे लागतात. या नियमाविरुद्ध माझी तक्रार नाही. लाखो अर्जांचे दप्तर सांभाळावयाचे म्हटले की असा निर्बंध आवश्यकच ठरतो. तक्रार आहे ती याविषयी, की नागरिकाकडून या शिस्तीची इतक्या कसोशीने अपेक्षा करणारी आपली सार्वजनिक व्यवस्था स्वतः जालावर जे प्रसिद्ध करते त्याला मात्र कोणतीच मर्यादा लावीत नाही; उद्घाटनाचे छायाचित्र कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढविले जाते, एका पानाचे परिपत्रक रंगीत स्कॅन होऊन कित्येक एमबींचे होते, आणि त्याचा भार डोंगराळ मुलखातील क्षीण रेंजवर, दिवसाच्या बेताच्या डेटावर गुजराण करणाऱ्या वाचकावर निमूटपणे टाकला जातो.

हा भार केवढा असतो याचा हिशेब अवघड नाही. आजच्या साधारण मोबाइलचे छायाचित्र ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच असते, म्हणजे त्यात १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाच्या लाल, हिरव्या व निळ्या घटकासाठी एकेक बाइट धरला तर मूळ ऐवज ३६ एमबींचा होतो, आणि जेपेग पद्धतीने संक्षिप्त करूनही तो सामान्यतः तीन-चार एमबींच्या घरात राहतो. ज्या पडद्यावर तो पाहावयाचा त्याची रुंदी बहुधा १०८० पिक्सेलच्या आसपास असते. तेव्हा तेच चित्र १२०० × ९०० एवढे केले तर पिक्सेलांची संख्या अकरा पटींनी घटते, आणि मोबाइलवर पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. चित्राचा प्रकार बदलण्याच्या खटपटीत पडणारे बहुतेक लोक ही पहिली व सर्वांत लाभदायक पायरीच विसरतात.

त्यानंतर प्रकाराचा प्रश्न येतो, आणि येथे थोडे थांबणे उचित होईल, कारण चित्रसंक्षेपाच्या विद्येच्या मुळाशी बंगळूरमध्ये जन्मलेल्या व तेथेच अभियांत्रिकी शिकलेल्या एका संशोधकाचे कर्तृत्व आहे. नासिर अहमद यांनी १९७२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे, सावकाश व जलद होणारे बदल गणिताने वेगळे करण्याच्या आपल्या कल्पनेच्या अभ्यासासाठी अनुदान मागितले, ते मिळाले नाही, आणि कल्पना फारच साधी आहे असा एका परीक्षकाचा अभिप्राय पडला. तरीही त्यांनी काम सोडले नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा लेख जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९२ साली मान्य झालेले जेपेगचे प्रमाण याच गणितावर उभे राहिले. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनातील प्रकाशाचा सावकाश होणारा बदल आणि जलद होणारा बदल गणिताने वेगळे करावयाचे, आणि मानवी नेत्राला जे सूक्ष्म बदल जवळजवळ दिसतच नाहीत त्यांची नोंद स्थूल करून टाकावयाची, अशी ही युक्ती आहे. आपला डोळा उजेडातील भेद जितक्या तीक्ष्णतेने टिपतो तितक्या तीक्ष्णतेने रंगातील भेद टिपत नाही, म्हणून रंगाची माहिती आणखी विरळ केली तरी चालते. माणसाच्या दृष्टीच्या मर्यादेचा असा सदुपयोग विज्ञानात क्वचितच झाला असेल.

परंतु निसर्गदृश्याला वा चेहऱ्याला जे मानवते ते अक्षराला मानवत नाही. काळ्या अक्षराची पांढऱ्या कागदावरील कड हा अत्यंत जलद बदल असतो, आणि जेपेग नेमका त्यावरच घाव घालतो. अतिसंक्षेप केलेल्या परिपत्रकात अक्षरांभोवती करडी जळमटे दिसतात, अनुस्वार पुसट होतो, रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, आणि तीच प्रत पुनःपुन्हा जेपेग म्हणून जतन होत हातोहात फिरली की प्रत्येक फेरीत तिची हानी वाढत जाते. रेखाकृती, नकाशे, मुद्रा यांच्यासाठी एकही पिक्सेल न गमावणारा पीएनजी आहे. १९८७ च्या जिफमधील संक्षेपपद्धतीवर पेटंटधारकांनी परवान्याची मागणी केली, तेव्हा स्वतंत्र तंत्रज्ञांनी एकत्र येऊन तो निर्माण केला, आणि आजही तो सर्वांस मुक्त आहे. कागदाचे स्कॅन करणे अपरिहार्यच असेल तर ते कृष्णधवल करावे: रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक पिक्सेलला २४ बिट लागतात, शुद्ध काळ्या-पांढऱ्यात एकच, म्हणजे संक्षेप करण्यापूर्वीच भार चोविसाव्या हिश्श्यावर येतो. आणि खरे सांगावयाचे तर संगणकावर टंकलेला मजकूर छापून, त्यावर सही-शिक्का घेऊन, पुन्हा त्याचे चित्र बनविण्याचा शिरस्ताच मला असमर्थनीय वाटतो, कारण अशा चित्रात शोध घेता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र त्यापुढे मूक होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अमलात असलेल्या देशात हे चालू राहणे लाजिरवाणे आहे.

छायाचित्रांपुरते पाहिले तर आता जेपेगहून सरस मार्गही उपलब्ध आहेत. गुगलने २०१० साली पुढे आणलेल्या वेबपीमध्ये तशाच दर्जाचे चित्र जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान होते असा त्या कंपनीचा दावा आहे, आणि २०१९ साली आलेला एव्हिफ पुष्कळदा त्याच्याही पुढे जातो. प्रचलित ब्राउझर दोन्ही उघडतात, आणि रूपांतराची साधने विनामूल्य मिळतात.

यावर अभिलेखपालांचा एक आक्षेप मी ऐकला आहे, आणि तो आदरास पात्र आहे: संक्षेप केला की मूळ नष्ट होते, आणि आज क्षुल्लक वाटणारा तपशील उद्याच्या इतिहासकाराला अमूल्य ठरेल. मोडी कागदावरील शाईची फिकट छटा, शिक्क्याची अर्धवट उमटलेली कड, हाताने मागाहून घातलेली ओळ, यांपैकी काहीही गमावणे मलाही मान्य नाही. पण आपल्या दप्तरी परंपरेने अस्सल आणि नक्कल यांतील भेद कधीच नीट ठरवून ठेवला आहे. अस्सल जपावयाचे असते आणि नक्कल फिरवावयाची असते. जपणुकीची प्रत पूर्ण आकारात, काहीही न गमावणाऱ्या स्वरूपात दप्तरात सुरक्षित ठेवावी, आणि वाचकाच्या हाती जी द्यावयाची ती तिच्यावरून वेगळी काढलेली हलकी प्रत असावी. फिरती नक्कल जड ठेवल्याने अस्सलाचे रक्षण होत नाही, आणि अस्सल पुसून हलकी प्रत तेवढी ठेवणे हा तर अपराधच होय.

म्हणून माझी मागणी शासनाच्या प्रत्येक खात्याकडे, महानगरपालिकांकडे, विद्यापीठांकडे आणि आम्हा वृत्तपत्रांकडेही आहे. संकेतस्थळाच्या निविदेतच प्रतिमेच्या कमाल भाराचे कलम घालावे, चढविलेल्या प्रत्येक छायाचित्राच्या हलक्या प्रती यंत्रणेने आपोआप काढाव्यात, परिपत्रक मजकुराच्या रूपात प्रसिद्ध करण्याची सक्ती करावी, आणि या कामाची जबाबदारी हुद्द्यासह एखाद्या अधिकाऱ्यावर टाकावी, म्हणजे पान उघडत नाही अशी तक्रार कोणाकडे करावयाची ते नागरिकाला कळेल.