बांधावरून : पोळा फुटल्यानंतरचे दोन तास



श्रावण सरत आला की माझ्या टपालात कपाशीची पत्रे वाढतात. पात्या गळतात, पाने लाल पडतात, अमावास्येच्या आधी फवारावे की नंतर, अशी विचारणा असते. गेल्या पंधरवड्यातले एक पत्र असेच सुरू झाले होते. वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेले, अक्षर बाईचे. तीन एकर कपाशी आहे, डोमकळ्या दिसू लागल्या आहेत, उपाय कळवा. आणि अगदी खाली, जागा संपत आल्यावर, बारीक अक्षरात लिहिले होते : आमच्या ह्यांनी आषाढी एकादशीपासून दारू सोडली आहे. दीड महिना झाला. आता पोळा आला. मला पोळ्याची भीती वाटते. हे कपाशीचे नाही, पण विचारू कोणाला? नाव छापू नये.

ताई, नाव छापत नाही. कपाशीचे उत्तर शेवटी देतो, आधी खालच्या ओळींचे.

सणाची भीती वाटते म्हटल्यावर ज्यांच्या घरात हे दुखणे नाही ते हसतील. दुःख झाले, पीक बुडाले, कर्जाची नोटीस आली म्हणून माणूस पितो, हे सर्वांना समजते. पण दारू सोडलेल्या माणसाला दुःखाच्या दिवसापेक्षा आनंदाचा दिवस जड जातो, हे ध्यानात येत नाही. आपल्याला लव्हाळा माहीत आहे. उन्हाळ्यात नांगरट केली, रान तापले, वर हिरवे पान उरले नाही, म्हणजे लव्हाळा गेला असे आपण समजतो. गाठी खाली असतात. पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत रान पुन्हा हिरवे. सोडलेल्या दारूच्या गाठी अशाच खाली असतात आणि सण हा त्यांचा पहिला पाऊस. हलगीचा आवाज, नवे कपडे, जुने सोबती, खिशात आलेले चार पैसे, ह्या सगळ्यांबरोबर वीस वर्षे ग्लासही होता. एक आले की दुसरे आठवतेच.

हे मी वाचून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत दौऱ्यावर असताना मला ही सवय लागली. शिवारफेरी झाली की कोणाच्या तरी मळ्यावर कोंबडे शिजे, आणि साहेबाला आग्रह होई. पुढे आग्रहाची गरज उरली नाही. २०११ साली मे महिन्यात दवाखान्यात राहून मी दारू सोडली. त्या वर्षीच्या पोळ्याला साडेतीन महिने झाले होते आणि आता आपण सुटलो अशी माझी खात्री होती.

घरच्यांनी त्या दिवशी माझी फार काळजी घेतली, आणि तीच नडली. बैल धुवायला निघालो तर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही बसा." शिंगे रंगवायला घेतली तर पुतण्याने हातातून कुंचला घेतला. आमच्या सौ. दर अर्ध्या तासाला काहीतरी निमित्त काढून जवळ येत आणि वास घेऊन जात. मला ते कळत होते. सणाच्या घरात मीच एकटा पाहुणा, आणि तोही संशयित. बैल जेवल्याशिवाय माणसांनी जेवायचे नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून सकाळपासून पोटात फक्त चहा. पाच वाजता पांढरे कपडे घालून, रिकाम्या हातांनी आणि रिकाम्या पोटी, मी तोरणाखाली उभा होतो. मानाचा बैल पुढे गेला, तोरण तुटले, पोळा फुटला. बैल घेऊन जो तो आपापल्या वाटेने निघाला. माझ्या हातात कासरा नव्हता. लहानपणचा एक सोबती खांद्यावर हात टाकून म्हणाला, "एका घोटानं काय होते? सन हाय आज."

मी घरी आलो तो दुसऱ्या दिवशी, करीच्या संध्याकाळी. बैलांची ओवाळणी माझ्याशिवाय झाली होती. थोरल्या मुलीने माझ्या वाटणीची पुरणपोळी टोपल्याखाली झाकून ठेवली होती. तिला मुंग्या लागल्या होत्या. मुलगी काही बोलली नाही, तिने ताट उचलून परसात नेऊन झटकले.

पुढच्या वर्षी खांदेमळणीच्या संध्याकाळी वडिलांनी लोण्याची आणि हळदीची वाटी माझ्यासमोर ठेवली. "खांदे तू मळ," एवढेच म्हणाले. वडील फार बोलणारे नव्हते. पोळ्याच्या सकाळी नाल्यावर बैल मीच धुतले, हिंगूळ मीच लावला. दुपारी आईने मला चुलीपाशी बोलावून भाकर आणि पिठले वाढले. मी म्हटले, "बैल जेवायचे आहेत." ती म्हणाली, "बैलाले सांगतो मी." तोरणाला जाताना वडिलांनी आमचा वांड बैल माझ्या हाती दिला. तो हलगीला बुजायचा, त्याला दोन्ही हातांनी धरावे लागे. पोळा फुटल्यावर घरोघर फिरताना जो बोजारा मिळाला तो वडील माझ्या हातून घेऊन स्वतःच्या कनवटीला लावत गेले. सोबती वाटेत भेटला, पण बैलाने त्याला जवळ येऊ दिले नाही. घरी येऊन ओवाळणी, नैवेद्य, मग वैरण, मग झूल उतरवून घडी. हे होईतो नऊ वाजले. मी गोठ्यातच बाज टाकली. करीच्या दिवशी भल्या पहाटे वडिलांबरोबर एसटीने आत्याच्या गावी गेलो. त्या वर्षी सौं.नी वास घेतला नाही. पुष्कळ दिवसांनी त्यांनी सांगितले की तेवढी एक गोष्ट त्यांना सर्वांत जड गेली.

तेव्हा ताई, पोळ्याचा अख्खा दिवस वाईट नसतो. पोळा फुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचे दोन तास वाईट असतात, आणि दुसरी करीची दुपार. त्या वेळेची तजवीज आधी करा. त्यांना काम द्या, पण वेळ घालवण्यासाठी दिलेले खोटे काम नको. त्यांच्यावाचून अडेल असे द्या. दुपारी जेवू घाला. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केले. अशा केंद्रांत काय किंवा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांत काय, जुने लोक नव्यांना चार गोष्टींपासून सांभाळायला सांगतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. पोळ्याच्या पाच वाजता ह्या चारही एकदम हजर असतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची चळवळ अमेरिकेत १९३५ साली सुरू झाली आणि १९५७ साली मुंबईत आली. आता बऱ्याच लहान शहरांतही तिच्या सभा भरतात. तिथे फी नाही, नाव सांगायचा आग्रह नाही. जन्मभराची शपथ तिथे कोणी मागत नाही, आजचा दिवस प्यायचे नाही एवढेच. जवळ सभा भरत असेल तर पोळ्याच्या आधी त्यांनी एकदा जाऊन यावे आणि तिथल्या एकाचा फोन नंबर खिशात ठेवावा. पोळ्याच्या संध्याकाळी बायकोपेक्षा तो माणूस उपयोगी पडतो. तुमच्या मायेत उणे आहे असे नव्हे. तो त्याच वाटेने चाललेला असतो, एवढेच.

खिशात पैसे नकोत. हे लपूनछपून करू नका, त्यांच्याशी बोलून ठरवा. आग्रह करणाऱ्याला द्यायचे उत्तरही आधी ठरवून ठेवावे आणि ते आखूड असावे : "मी घेत नाही." डॉक्टरने मनाई केली, पोटात दुखते, उपास आहे, अशी कारणे दिली की समोरचा त्या कारणावर औषध सांगतो.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. दारू सुटावी म्हणून डॉक्टर एक गोळी देतात, ती काही घरांतून माणसाला न सांगता भाजीत घातली जाते. ती गोळी पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो आणि जीवावर बेतू शकते. ती त्या माणसाने जाणून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. अशी गोळी चालू असेल तर खोकल्याच्या पातळ औषधात आणि आसव-अरिष्टांतही मद्यार्क असतो, तोही डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये.

दुसरी गोष्ट फवारणीच्या औषधाची. हे दिवस फवारणीचे, घरोघर डबे असतात, आणि ते कणगीमागे, माळ्यावर, कधी बाजेखाली ठेवलेले मी पाहतो. दारू सोडलेल्या माणसाचे मन पहिले काही महिने फार खाली जाते, आणि सणाला पाय घसरला तर लाजेने आणखी खाली. त्या रात्री डबा हाताशी नसावा. पेटीत कुलूप लावून ठेवा, किल्ली तुमच्याजवळ. ह्या कामामुळे मला अशा काही घरी उशिरा जावे लागले आहे, म्हणून दोनदा सांगतो : कुलूप लावा.

पाय घसरलाच तर? दुबार पेरणी आपल्याला नवी नाही. पहिला पेरा साधला नाही म्हणून कोणी रान पडीक टाकत नाही. बियाणे बदलतो, ओल पाहतो, पुन्हा पाभर जुंपतो. त्या रात्री भांडू नका, सुने-पोरांसमोर हिशेब काढू नका. सकाळी चहा द्या आणि ज्या डॉक्टरकडे, ज्या सभेत आधी गेले होते तिथे त्याच दिवशी परत पाठवा. सरकारचा १४४४६ हा मोफत फोन आहे, तिथेही विचारता येते.

पोळ्याच्या मुहूर्तावर सोडतो म्हणणाऱ्यांसाठी एक सूचना. जो रोज सकाळपासून पितो त्याने घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हातपाय कापतात, झटके येतात, माणूस बरळू लागतो, आणि हे जीवघेणे ठरू शकते. आधी सरकारी दवाखान्यात जावे. तिथे गोळ्या देऊन हे दिवस सुखरूप काढता येतात.

आता थोडे बाकीच्यांशी बोलतो. सालदाराला पोळ्याला कपडे करावेत, पोटभर जेवू घालावे, बोजारा सढळ हाताने द्यावा. पण काही जागी मालक आनंदाने बाटलीही देतात आणि वर त्याला रीत म्हणतात. रीत बैलाला ओवाळायची आहे. बैल दारू पीत नाही. ज्याने सोडली आहे त्याच्या हाती बाटली देणे म्हणजे उगवत्या पिकात गुरे सोडणे आहे. दारूबंदी असली म्हणजे झाले, असेही काही जण म्हणतात. वर्धा जिल्ह्यात ती कित्येक वर्षांपासून आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. कायद्याने बायाबापड्यांना बळ मिळते हे मी मानतो. पण सोबत्याचा खांद्यावरचा हात कोणत्या कलमाखाली धरणार?

दिवाळीला, धुळवडीला, यात्रेलाही ह्याच युक्त्या. धुळवड त्यांत सर्वांत वाईट, कारण त्या दिवशी हाताला काही कामच नसते. थंडाईत भांग असते हेही विसरू नये. त्या दिवशी गाव सोडून मुलीकडे जावे हे उत्तम.

आता कपाशी. ताई, अमावास्येच्या सुमारास पतंग अंडी घालतात असे सांगतात, पण पंचांग पाहून फवारू नका, सापळा पाहून फवारा. तीन एकरांत सहा कामगंध सापळे लावा, एकरी दोन, पिकाच्या शेंड्याच्या थोडे वर. गुलाबी बोंडअळीची ल्यूर मागून घ्या, दुसरी चालत नाही. दिसतील त्या डोमकळ्या तोडून नष्ट करा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरे. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या निघाल्या, तरच रासायनिक औषधाचा विचार करा, आणि त्याआधी मला आकडे कळवा.

पतंग रात्री उडतो, म्हणून मोजणी सकाळी, ऊन चढण्याआधी. रोज एकाच माणसाने करावी, म्हणजे आकडे जुळतात. हे काम ह्यांच्याकडे द्या. वहीत तारीख, सापळ्याचा नंबर आणि पतंगांचा आकडा. पोळ्याच्या दिवशी आणि करीच्या दिवशी मोजणी चुकवायची नाही, म्हणून सांगा. पंधरा दिवस झाले की ती पाने मला पाठवा, फवारणीचे मग ठरवू.