विमान जमिनीवर, पगार हवेत

वारूळवाडी-नारायणगावच्या पोराला विमान दिसतं ते मान वर केल्यावरच. पण मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात सहज विचारून बघा, एअरलाइनमध्ये मेन्टेनन्सला लागायचं स्वप्न बघणारे दोन-चार तरी निघतातच. चांगलंच आहे, स्वप्न जरूर बघावं. पण ज्या धंद्यात आपण उडी मारणार तो बुडतो कसा, आणि बुडताना कोणाला सोबत घेऊन बुडतो, हेही माहीत असायला हवं.

जगावर संकट आलं की पहिला फटका विमानांना बसतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकन सरकारने आपल्या विमान कंपन्यांना १५ अब्ज डॉलरचा आधार दिला, तरी हजारो नोकऱ्या गेल्याच. स्विसएअरसारखी नावाजलेली कंपनी त्याच वर्षी २ ऑक्टोबरला जमिनीवर आली. पैसे संपले होते!

आपल्या मुंबईची गोष्ट याहून जवळची. १९९३ साली उड्डाण सुरू केलेल्या जेट एअरवेजने २००७ मध्ये १,४५० कोटींना एअर सहारा विकत घेतली. पुढच्याच वर्षी कच्चं तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेलं, पाठोपाठ मंदी आली. ऑक्टोबर २००८ मध्ये जेटने सुमारे १,९०० जणांना घरी पाठवायचं ठरवलं. गणवेशातली मुलं-मुली मुंबईत रस्त्यावर उतरली. राज ठाकरे यांनी महाराष्ट्रातून जेटचं विमान उडू देणार नाही, असा इशारा दिला. एक-दोन दिवसांतच अध्यक्ष नरेश गोयल यांनी सर्वांना परत घेत असल्याचं जाहीर केलं. सगळ्यांना वाटलं, जिंकलो!

पण आजार तसाच राहिला. तिकीट विकायचं रुपयात, विमानाचं भाडं मोजायचं डॉलरमध्ये. समोर स्वस्तातल्या कंपन्यांची स्पर्धा, डोक्यावर कर्जाचा डोंगर. अखेर १७ एप्रिल २०१९ ला अमृतसर-मुंबई हे शेवटचं विमान उडालं आणि सुमारे १६,००० कर्मचारी अधांतरी लटकले. मोर्चे याही वेळी निघाले, पण भांडणार कोणाशी? गोयल २५ मार्चलाच संचालक मंडळातून बाहेर पडले होते.

आता खरा मुद्दा. कंपनी डगमगू लागली की प्रत्येक देणेकरी आपापलं बघतो. बहुतेक विमानं भाड्याची, भाडं थकलं की मालक ती परत नेतो. बँकेकडे तारण असतं. थकबाकी वाढल्यावर इंडियन ऑइलने जेटचं इंधन थांबवलं होतं. उधारीवर चालू राहतो तो फक्त कर्मचारी! जेटचे पायलट आणि इंजिनिअर जानेवारी २०१९ पासून पगाराविना काम करत होते. म्हणजे ते कंपनीला बिनव्याजी, बिनतारणी कर्जच देत होते. याला आपण निष्ठा म्हणतो आणि टाळ्या वाजवतो.

पुढे प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जेट अवसायनात काढायचा आदेश दिला. साडेपाच वर्षं! दिवाळखोरी संहितेत रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची देणी आणि तारणवाल्या बँका एका पायरीवर, त्यांच्याखाली बाकीच्या कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांपर्यंतचा पगार. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचे निधी या रांगेबाहेर सुरक्षित, पण ते वेळच्या वेळी भरलेले असतील तर.

आता आपल्या जुन्नर तालुक्याकडे या. आपल्यातल्या कितीतरी जणांची फी उसाच्या बिलातून भरली जाते. ऊस तुटून कारखान्यात गेला की १४ दिवसांत एफआरपी द्यायची, उशीर केला तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. कारखाने थकवतात, हे काय आपल्याला माहीत नाही? पण निदान पुण्यात साखर आयुक्त बसलेले आहेत. वसुलीचा आदेश निघाला की जिल्हाधिकारी साखर जप्त करू शकतात. बापाच्या उसाला जे संरक्षण आहे, ते पोराच्या पगाराला नको का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. महिना संपल्यावर सात दिवसांत पगार द्यायचा, हा नियम आता मोठ्या पगारवाल्यांनाही लागू आहे. पण थकलेला पगार जप्ती करून आणणार कोण?

काही जण म्हणतील, कंपनीकडे पैसाच नसेल तर देणार कुठून? सक्ती केली तर ती आणखी लवकर बंद पडेल. पडू दे की! एका महिन्याचा पगार थकलेला असताना बंद पडलेली कंपनी परवडली. सहा महिने आशेवर झुलवून बंद पडली, तर माणसाची बचतही जाते आणि दुसरी नोकरी शोधायची वेळही.

शिवाय हा प्रश्न फक्त पोटाचा नाही. दुरुस्तीनंतर परवानाधारक इंजिनिअरची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. किंगफिशरच्या इंजिनिअरांनी २०१२ मध्ये कित्येक महिने पगार थकल्यावर काम थांबवलं, तेव्हा कुठे सगळे जागे झाले. घरचा हप्ता चुकलेला माणूस रात्रपाळीत इंजिन तपासतोय, हे प्रवाशाच्या जिवाशी खेळणं नाही काय?

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की विमान कंपनीने किमान दोन महिन्यांचा पगार वेगळ्या खात्यात ठेवलाच पाहिजे, आणि एक महिना जरी पगार चुकला तरी ते डीजीसीएने जाहीर केलं पाहिजे. टायर झिजला की बदलायची सक्ती आहे, मग पगार झिजल्यावर गप्प का बसायचं?

आणि तोवर आपण काय करायचं? पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. कॅम्पसला कंपनी आली की नुसतं पॅकेज विचारू नका, कंपनीवर कर्ज किती आहे तेही बघा. नोकरी लागल्यावर पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडा. आणि पगार चुकला, तर पहिल्याच महिन्यात सगळ्यांनी मिळून लेखी विचारा. उसाचं बिल मागताना आपले वडील लाजत नाहीत. आपण तरी पगार मागायला का लाजावं?