यशया कोणाला बोलत होता?

वारीच्या दिवसांत आमच्या भोंगवलीतल्या एका ग्रुपवर व्हिडिओ आला. माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात ना, त्यावर हसण्याचे आवाज टाकलेले आणि खाली लिहिलेलं, यशया अध्याय ४४. टाकणारा आमच्यातलाच, ख्रिस्ती. मला लाज वाटली, म्हणून लिहितोय.

तो अध्याय मीही वाचलाय. माणूस झाड तोडतो, अर्धं लाकूड जाळून भाकरी भाजतो, अंग शेकतो, आणि उरलेल्या ओंडक्याचा देव करून त्याच्याच पाया पडतो. यिर्मया तर मूर्तीला काकडीच्या मळ्यातलं बुजगावणं म्हणतो. हाताने घडवलेली वस्तू तारत नाही, हे मी मानतो. झाकून ठेवत नाही.

पण हे ऐकवलं कोणाला? स्वतःच्याच लोकांना. ज्यांच्या घरात नियमशास्त्र होतं त्यांना. २ राजे १८ उघडून बघा. देवाच्या सांगण्यावरून मोशेने केलेला पितळेचा साप. लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले, तर हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. मोशेच्या हातची वस्तू म्हणून गय केली नाही.

आता आपली घरं बघू. अभिषेकाच्या तेलाची बाटली फडताळात, बायबल उशाखाली (वाचायला नाही, वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून!), गाडीत पाळकसाहेबांचा फोटो. लोभ म्हणजे मूर्तिपूजाच, असं पौल कलस्सैकरांना लिहितो. आणि आपल्यात सातबाऱ्यावरून सख्खे भाऊ बोलत नाहीत, रविवारी मात्र एकाच सतरंजीवर बसून हालेलुया म्हणतात. त्याचा व्हिडिओ कोणी काढला का?

इफिसात पौल दोन वर्षांहून जास्त राहिला. अर्तमीचे चांदीचे देव्हारे विकणाऱ्यांचा धंदा बसायला लागला, दंगल झाली. तेव्हा त्या शहराच्याच अधिकाऱ्याने लोकांना सुनावलं, की या माणसांनी देऊळ लुटलेलं नाही, आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. विरोधकांच्या गावातून असा दाखला मिळायला हवा. आपल्याला मिळेल? आपले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आपण त्याच पुलावर उभं राहून थुंकतोय.

कोणी म्हणेल, मग काय जत्रेत जाऊन नारळ फोडायचा? नाही. प्रसाद घ्यायचा नसेल तर हात जोडून नको म्हणावं, आजवर कोणी माझ्या तोंडात कोंबलेला नाही. वर्गणीचा प्रश्न खरा अवघड आहे. मी पूजेला देत नाही, पण पाण्याच्या टँकरला देतो, आणि का ते तोंडावर सांगतो. पहिल्या वर्षी कुरबुर झाली, नंतर नाही.

व्हिडिओ टाकणाऱ्या भावाला मी फोन केला, काढ म्हटलं. बघतो म्हणाला. चार दिवस झाले, अजून तिथेच आहे.