अधू नजर आणि कचेरीतला संगणक



नजरेच्या बाबतीत आपल्या समाजाला दोनच खाती ठाऊक आहेत. एक दिसणाऱ्यांचे, दुसरे अंधांचे. या दोहोंच्या मध्ये जी माणसे आहेत, त्यांची नोंद कुठल्याच खात्यावर होत नाही. चष्मा झाला, शस्त्रक्रिया झाली, तरीही ज्यांना पुरेसे दिसत नाही, पण जे अंधही नाहीत, त्यांच्या स्थितीला कायद्याने 'अल्पदृष्टी' असे नाव दिले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचे मापही दिलेले आहे. निरोगी डोळा जे अक्षर १८ मीटरवरून वाचतो, ते अक्षर योग्य चष्मा लावून आणि दोहोंपैकी चांगल्या डोळ्यानेही ६ मीटरवरूनच वाचता येते, तिथपासून पुढे अल्पदृष्टी धरतात. नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा अरुंद झालेली माणसेही त्यात येतात.

ही माणसे परकी नाहीत. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झालेला भाऊ, काचबिंदूने नजर आक्रसलेले मामा, जन्मापासून अंधुक दिसणारी आणि लग्नात अडचण नको म्हणून घरच्यांनी कुठे बोलूही न दिलेली मुलगी, अशी कितीतरी. पूर्वी कचेरीत रजिस्टर उचलून डोळ्याजवळ नेता येत असे, उजेडाकडे तोंड करून बसता येत असे. संगणक आला आणि अक्षर टेबलावर एका जागी खिळले. मग माणूसच मान काढून पडद्याकडे जाऊ लागला. दिवसभर असे बसल्यावर मान धरते, डोके दुखते, काम मागे पडते. साहेब म्हणतात, "तुम्हाला जमत नाही, तुम्ही आवक-जावक बघा." लेख्यांचे काम हातून जाते, आणि पुढे बढतीच्या वेळी तोच माणूस 'अनुभव नाही' म्हणून मागे राहतो.

खरी चीड येते ती याची, की त्याच टेबलावरच्या त्याच यंत्रात यावरचे उपाय बसवलेले असतात. विंडोज ९५ मध्ये ठळक रंगांची सोय आली, १९९८ च्या विंडोजमध्ये भिंग आले. म्हणजे पंचवीस वर्षांहून जुनी ही गोष्ट. पण क्लासमध्ये ती कुणी शिकवली नाही आणि कचेरीत कुणी चालू करून दिली नाही. म्हणून इथे क्रमाने सांगतो. कागदावर उतरवून घ्या.

पहिले, भिंग. विंडोजचे चिन्ह असलेले बटण दाबून ठेवा आणि अधिकचे (+) बटण दाबा. पडदा मोठा होतो. वजाच्या बटणाने लहान होतो, आणि विंडोजच्या बटणाबरोबर एस्केप दाबले की भिंग बंद. दुसरे, अक्षर. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग टेक्स्ट साईज उघडा. तिथली पट्टी सरकवून अक्षर सव्वादोनपट होते. तिसरे, रंग. डावे आल्ट, डावे शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन ही तीन बटणे एकदम दाबली की ठळक रंगांची मांडणी चालू करू का, असे यंत्रच विचारते. चौथे, माऊसचा बाण आणि टाईप करतानाची उभी रेघ. ॲक्सेसिबिलिटीमध्येच दोन्ही मोठी, जाड आणि रंगीत करता येतात. बाण शोधण्यात जाणारा वेळ कुणी मोजत नाही, पण थकवा तिथूनच सुरू होतो. वेबसाईट वाचताना कंट्रोल आणि अधिक दाबावे, मूळ माप हवे असल्यास कंट्रोल आणि शून्य.

एक चूक मात्र सर्रास होते. अक्षर मोठे करायचे म्हणून पडद्याचे रिझोल्यूशन कमी करतात. त्याने अक्षर मोठे होते, पण फुगून पुसट होते, आणि अधू नजरेला पुसट अक्षर हा दुहेरी मार आहे. रिझोल्यूशन जिथले तिथे ठेवून 'स्केल' वाढवावे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अल्पदृष्टीच्या सर्व माणसांना एकच उपाय चालत नाही. ज्याला मधले दिसत नाही, त्याला मोठे अक्षर लागते. पण काचबिंदूने किंवा रातांधळेपणाच्या आनुवंशिक आजाराने ज्याचा घेर नळीएवढा उरला आहे, त्याच्यापुढे अक्षर फार मोठे केले तर एका नजरेत एक शब्दही मावत नाही. त्याला मध्यम अक्षर आणि ठळक रंग बरे पडतात. कुणाला पांढऱ्या पडद्याची तिरीप सहन होत नाही, त्याला काळ्यावर पांढरे हवे. म्हणून मदत करणाऱ्याने आपल्या मनाने मांडणी लावू नये. शेजारी बसावे, एकेक बदल करावा आणि "आता कसे वाटते?" असे विचारावे.

आता भिंगाचा हिशेब पाहा. पडदा दुप्पट केला की त्याचा चौथा हिस्सा दिसतो. चौपट केला की सोळावा. बाकीचे पंधरा हिस्से नजरेआड. अशा वेळी माणूस खालच्या डाव्या कोपऱ्यात रक्कम भरत असतो आणि 'चूक आहे' हा संदेश वरच्या उजव्या कोपऱ्यात उमटतो. त्याला तो दिसतच नाही. तो पुनःपुन्हा बटण दाबतो, काम पुढे सरकत नाही, आणि शेजारचा म्हणतो, याला संगणक येत नाही! दोष कुणाचा? कार्यक्रम लिहिणाऱ्याने तो संदेश रकान्याशेजारीच दिला असता तर प्रश्नच उद्भवला नसता. तीच गत फिक्या राखाडी अक्षरांची. वेबसाईटसाठी २००८ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा किमान साडेचारास एक या प्रमाणात वेगळा असला पाहिजे. चूक नुसत्या लाल रंगाने दाखवू नये, शब्दांत लिहावी. वाकडीतिकडी अक्षरे ओळखा म्हणणाऱ्या चित्राला दुसरा पर्याय द्यावा. आपली मुले आज मोठ्या संख्येने या धंद्यात शिरत आहेत. त्यांनी एवढे चार नियम पाळले तरी किती जणांची भाकरी शाबूत राहील!

तक्ते भरणाऱ्यांसाठी एक माझ्या धंद्यातली युक्ती. एक्सेलमध्ये 'फ्रीझ पेन्स' करून वरची ओळ आणि पहिला रकाना बांधून ठेवावा. मग अक्षर कितीही मोठे केले, तरी आपण कुणाच्या नावापुढे कोणती रक्कम लिहितो आहोत, हे सुटत नाही.

हे कुणी उपकार म्हणून करायचे नाही. २०१६ च्या याच कायद्याच्या कलम २० नुसार दिव्यांग कर्मचाऱ्याला कामासाठी वाजवी सोयी देणे सरकारी आस्थापनेवर बंधनकारक आहे, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कुणाला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, आणि नोंदलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हावी लागते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. तेव्हा अर्ज करावा. 'मला मोठा पडदा व ठळक रंगांची मांडणी मिळावी' असे स्पष्ट मागावे, तपासणीचा कागद जोडावा आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.

तरुणांना एक काम सांगून थांबतो. वस्तीतल्या वाचनालयात, अभ्यासिकेत जो संगणक आहे, त्यावर वर सांगितलेली बटणे एका कागदावर जाड काळ्या अक्षरांत लिहून चिकटवा. खर्च शून्य. आणि ज्या घरात कुणी नजर लपवून बसले असेल, त्या घरी स्वतः जा. त्याला किंवा तिला यंत्रापुढे बसवा, अक्षर मोठे करा आणि पहिला अर्ज त्यांच्याच हाताने लिहून होऊ द्या.